बाहेरचे यंत्र का तापते?

झाशीचे नाव मराठी वाचकास राणी लक्ष्मीबाईंमुळे परिचित असते. तेथील उन्हाळा मात्र तेथे राहिल्यावाचून कळावयाचा नाही. २०२४ च्या मे महिन्यात त्या शहराचे तापमान ४९ अंश सेल्सिअसपर्यंत गेले होते. अशा दिवसांत, शहरालगतच्या बिजौलीसारख्या औद्योगिक वस्तीत, वातानुकूलक दुपारी थांबू लागला आणि ऊन कलल्यावर आपोआप चालू होऊ लागला, तर दोष कोठे शोधावा?

बाहेरचे यंत्र गरम असणे हा मुळात दोष नव्हे. उष्णता आपण होऊन अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडेच वाहते. म्हणून खोलीतील उष्णता बाहेर टाकावयाची, तर बाहेरच्या नळ्यांतील वायू भोवतालच्या हवेहून दहा-पंधरा अंशांनी तरी तप्त असावा लागतो. हवा ४५ अंशांवर असेल, तर नळ्या साठीच्या घरात जातात. दीड टनाचे यंत्र खोलीतून सुमारे सव्वापाच किलोवॅट उष्णता उचलते. ही क्षमता साधारणतः ३५ अंशांच्या हवेत मोजलेली असते. तीत कॉम्प्रेसरला लागणाऱ्या सुमारे दीड किलोवॅट विजेची भर पडते. हा सारा भार पंख्याच्या वाऱ्यानेच वाहून न्यावयाचा असतो. वारा अडला की वायूचा दाब चढतो, कॉम्प्रेसर अधिक वीज ओढतो आणि अखेरीस संरक्षक खटका त्यास थांबवितो.

तेव्हा शोध वाऱ्यापासून सुरू करावा. मुख्य वीज बंद करून यंत्राची मागील जाळी पाहावी. लूबरोबर आलेली धूळ पातळ पत्र्यांच्या फटींत बसते. ती मऊ ब्रशाने व पाण्याच्या हलक्या धारेने काढावी. जोरकस धारेने पत्रे वाकतात. पुढे जागा तपासावी. अरुंद बोळात दोन यंत्रे समोरासमोर असली, तर एकाची तप्त हवा दुसऱ्याच्या पोटात शिरते. आमच्या मते सर्वाधिक दुर्लक्षिला जाणारा दोष हाच. कोणी उन्हापासून रक्षण म्हणून यंत्राभोवती वाळ्याचा पडदा घट्ट बांधतात. खोलीच्या दारात तो गुणकारी खरा, पण येथे तो यंत्राचा श्वासच कोंडतो. सावली हवी असेल, तर वर पुरेसे अंतर सोडून छप्पर घालावे.

पंखा नुसताच गुणगुणत असेल व फिरत नसेल, तर बहुधा कपॅसिटर निकामी झालेला असतो. वीज बंद केल्यावरही त्यात विद्युत्भार साठलेला राहतो. त्यास जाणत्या कारागिरानेच हात लावावा.

घरोघरी पहिला संशय गॅसवर घेतला जातो. वस्तुतः गॅस इंधनाप्रमाणे जळून संपत नाही. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे. रात्री गारवा उत्तम आणि दुपारीच यंत्र थांबते, असे असेल तर वारा किंवा विजेचा कमी दाब तपासावा. रात्रीही गारवा अपुरा असेल, तर गॅसचा संशय रास्त. परत येणारा थंड वायूच कॉम्प्रेसरला गार ठेवतो, म्हणून गॅस कमी पडला तरी कॉम्प्रेसर तापतो. गळती न बुजविता भरलेला गॅस पुन्हा निघून जातो, आणि तो जादा भरला गेला तर दाब वाढून यंत्र पूर्वीपेक्षाही लवकर थांबते.