एका वेळी एकच खड्डा

बाळा, घोडेगावच्या अंगाला घर बांधतोयस, तर संडासाचं आधी ठरव. जुन्नरकडं उसात बिबटे शिरल्यापासून पहाटे लोटा घेऊन बाहेर जायची हिंमत कुणाची? गवंडी सेप्टिक टाकी सुचवेल. ती भरली की मैलागाडी बोलवा, आणि तो मैला नक्की कुठं ओतला हे विचारू नका! त्यापेक्षा दोन शोषखड्डे कर.

मीटरभर रुंद, मीटरभर खोल, मधे मीटरभर जागा. भिंत जाळीच्या विटांची, तळाला नुसती माती. भांड्याचा नळ दोन खड्ड्यांकडं वळवणाऱ्या वाय चेंबरचं एक तोंड विटेनं बंद ठेव. पाच माणसांना एक खड्डा तीनेक वर्षं पुरतो. भरला की तोंड बदल, आणि भरलेल्याला दीड वर्ष हात लावू नकोस. जंतांची अंडी फार चिवट, ती मरेपर्यंत थांबायचं. मग काळं, भुसभुशीत, बिनवासाचं सोनखत निघतं.

खरा वैरी पाणी. आहुप्याकडं पाऊस धो धो, म्हणून खड्डा उंचवट्यावर घे, वरून फूटभर ओटा काढ, कडेनं चर मार. विहिरीपासून निदान पंधरा मीटर लांब, तेही उताराच्या खालच्या बाजूला. खडकाला भेगा असतील तर आणखी लांब. पावसाळ्यात हातभरावर पाणी लागत असेल तर खड्डा खणूच नकोस. जमिनीवर दोन कोरडे कप्पे बांध, लघवी वेगळी काढ आणि दर वेळी वरून राख किंवा कोरडी माती टाक. खड्ड्याचाच संडास केलास तर भांडं जास्त उताराचं घे, दोन लिटर पाण्यात साफ होतं. न्हाणीचं पाणी खड्ड्यात सोडू नकोस. ॲसिड, फिनेल तर नकोच, कुजवणारे जीवच मरतात.

पाहुणे नाकं मुरडतील. त्यांना सांग, कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत केलं. आपल्याच जिल्ह्यात देहूला डॉ. मापुसकरांनी याच कामात आयुष्य घातलं, 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

खत आंब्याला, चिकूला घाल. कोथिंबीर, मेथी, कांदा नको. नारायणगावच्या बाजारात जाणाऱ्या टोमॅटोला तर मुळीच नको.

खड्डा उन्हाळ्यात उघड. हातमोजे, गमबूट घालून फावडं तूच धर, दुसऱ्या कुणाला बोलावू नकोस. न कुजलेला मैला माणसाकडून हातानं उपसून घेणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे.