आजचं चिंतन : निमिषभराचा नेम (ज्ञानेश्वरी, अध्याय १२)

आषाढी एकादशी येईल. घरोघरी पुन्हा तो प्रश्न निघेल, ‘यंदा चातुर्मासाचा नेम कोणता?’ आमच्या लातूरकडे कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण, कुणी चार महिने मौन धरून जेवतं. माझी आजी एका वर्षी चहा सोडून बसली होती आणि घरातल्या सगळ्यांना त्या चार महिन्यांचा धाक होता.

हल्ली याच गोष्टीला ‘चॅलेंज’ म्हणतात. गूगलमध्ये काम करणाऱ्या मॅट कट्स नावाच्या इंजिनिअरने २०११ मध्ये टेडच्या मंचावर तीनेक मिनिटांचं भाषण केलं होतं. तीस दिवस काहीतरी नवीन करून बघा, एवढंच सांगणं. रोज एक फोटो काढणं, सायकलने ऑफिसला जाणं, साखर सोडणं असे प्रयोग त्याने स्वतः केले होते. साखरेबद्दल तो गमतीने कबूल करतो, की एकतिसाव्या दिवशी गोळ्या-चॉकलेटांचा ढीग समोर होता. मी हे भाषण नांदेडला विष्णुपुरीच्या होस्टेलमधल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकलं होतं. सगळ्यांनी अंगठा दाखवला, केलं कुणीच नाही.

माझंही ‘एकतिसाव्या दिवसा’सारखंच व्हायचं. २०२३ ला अधिक श्रावण आला होता, म्हणजे चातुर्मास पाच महिन्यांचा. मी नेम धरला, रात्री नऊनंतर फोन बंद. अकरा दिवस टिकला. बाराव्या रात्री सर्व्हर पडला, फोन घ्यावाच लागला. आणि एकदा मोडलाच आहे तर आता काय, म्हणून दुसऱ्या दिवसापासून पूर्वीसारखाच रात्री बारापर्यंत फोन.

आता आजच्या भागाकडे येतो. गीतेच्या बाराव्या अध्यायात फक्त २० श्लोक आहेत, त्यातला नववा श्लोक आपण घेतोय. आठव्यात भगवंत म्हणतात, मन आणि बुद्धी माझ्या ठिकाणी ठेव. लगेच नवव्यात म्हणतात, ते जमत नसेल तर अभ्यासाने मला मिळव. दहाव्यात, तेही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. अकराव्यात, तेही नाही तर फळ सोड. आम्ही प्रोग्रॅम लिहिताना एक मार्ग बंद पडला तर दुसरा कोणता, हे आधीच लिहून ठेवतो. इथे तसंच आहे. जो नापास होणार हे माहीत आहे, त्याची सोय आधीच केलेली.

नवव्या श्लोकावर माउली जे सांगतात ते मी कितीतरी वर्षं नुसतं वाचून पुढे जात होतो. ते म्हणतात, पूर्ण चित्त देता येत नाही ना? मग आठ प्रहरांतला एक निमिष दे. आठ प्रहर म्हणजे चोवीस तास, निमिष म्हणजे पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. एवढंच मागितलंय! पुढे म्हणतात, त्या निमिषात जेवढं सुख मिळेल तेवढी बाकीच्या गोष्टींची ओढ कमी होईल. शरद ऋतू लागला की नदीचं पाणी जसं ओसरतं तसं. किंवा पौर्णिमेनंतरचा चंद्र जसा रोज थोडा थोडा कमी होत अवसेला दिसेनासा होतो तसं. (एरवी घटत्या चंद्राचा दाखला वाईट गोष्टीला देतात. इथे तो चांगल्यासाठी आलाय.)

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे. माउली इथे आधी ‘सोड’ म्हणत नाहीत. ‘दे’ म्हणतात. सुटायचं ते मागाहून आपोआप सुटतं. आपले नेम मात्र बहुतेक ‘सोडण्या’पासून सुरू होतात. मग कार्तिकीची वाट बघणं आलंच.

नुसत्या सोडण्याचं काय होतं ते आम्हा लातूरकरांना चांगलं माहीत आहे. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा टँकर, साधारण पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात प्रत्येक घरात पाण्याचा कडक नेम होता. आंघोळीच्या पाण्याने फरशी पुसायची, तेच पाणी मग संडासाला. त्याच वर्षी पाऊस झाला, मांजरा धरण भरलं, आणि आमच्या गल्लीत परत पाइप लावून गाड्या धुणं सुरू. नाइलाजाने सोडलं होतं, गोडी काही लागली नव्हती.

तर २०२४ ची गोष्ट. मार्चमध्ये आईला पक्षाघाताचा सौम्य झटका आला. बोलणं नीट राहिलं, पण उजव्या हाताची ताकद गेली. चाळीस वर्षं रोज भाकरी थापणारा हात. आम्ही स्वयंपाकाला मावशी लावल्या. आईने स्वयंपाकघरात पाऊल टाकणं बंद केलं. ताट खोलीत न्यायचं, अर्धं परत यायचं. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू उशाशी तसाच पडून.

१७ जुलैला आषाढी होती. मी म्हणलं, ‘आई, यंदा माझा नेम, रोज संध्याकाळी एक भाकरी करायची. तू शिकव.’ ती म्हणाली, ‘तुला काय करायचीय भाकरी? लॅपटॉप बघ तुझा.’ पण दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, खुर्ची आणून ठेवली तर येऊन बसली.

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, त्यामुळे ते धरून ठेवायचं काम उकळत्या पाण्याचं. हे मी वाचून आलो होतो, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. पहिली भाकरी परातीला चिकटली. दुसऱ्या दिवशी उचलताना दोन तुकडे. आई खुर्चीतून, ‘बोटांनी काय करायलास, तळव्याने रगड.’ ‘खाली पीठ कमी पडलंय.’ ‘वरून पाणी फिरव की लवकर, वाळली बघ, आता चिरणार.’ चिरली. एकदा पीठ जमेचना, तर तिने चिमूट हातात घेऊन सांगितलं, ‘विरी गेलीय याची, जुनं आहे. ताजं दळून आण.’ चार महिन्यांत पहिल्यांदा तिच्या आवाजात हुकूम होता. मी त्याच रात्री गिरणीवर गेलो.

तिसऱ्या आठवड्यात कधीतरी मी मळत असताना तिने डावा हात परातीत घातला, गोळा दाबून बघितला, ‘अजून रगड’ म्हणाली. काही दिवसांनी त्यावर उजवा हातही ठेवला. नुसता ठेवला. हात बरा झाला असं मी म्हणत नाही, अजूनही त्या हाताने पेला धरता येत नाही. पण ताट खोलीत न्यावं लागेना.

मध्ये ऑफिसच्या कामाने चार दिवस पुण्याला जावं लागलं. नेम मोडला. २०२३ मधला मी असतो तर तिथेच संपलं असतं. यावेळी परत आल्यावर परात काढली. निमिष मागणारा चार दिवसांचा हिशोब कशाला धरेल?

यंदा नेम धरणार असाल तर माझा एवढा अनुभव घ्या. घरात आधीच ठरलेल्या वेळेला तो जोडा, जसं संध्याकाळचा दिवा किंवा जेवण. वेगळा वेळ काढू म्हणलं की तो निघत नाही. चुकला तर दुसऱ्या दिवशी काय करायचं ते आधीच ठरवा. आणि जमलं तर असं काहीतरी धरा, जे तुम्हाला येत नाही पण घरातल्या दुसऱ्या कुणाला येतं.

अभ्यासाला काहीच अवघड नाही, हे सांगताना माउली वाघ-साप माणसाळवल्याचे आणि समुद्रावरून पायवाट काढल्याचे दाखले देतात. माझी भाकरी पहिल्यांदा टम्म फुगली ती गणपतीनंतर. आई म्हणाली, ‘बरी आहे.’

१२ नोव्हेंबरला कार्तिकी झाली. उपवास, भगर आणि शेंगदाण्याची आमटी. नेम संपला. तेराला संध्याकाळी मी कॉलवर होतो, सात वाजून गेलेले. स्वयंपाकघरातून गॅस पेटल्याचा आवाज आला. मार्चपासून आईने गॅसला हात लावला नव्हता. मग हाक आली,

‘येतोस का रे? आधण ठेवलंय.’

राम कृष्ण हरी.