पुढे पाठवण्याआधीचा वेळ

मोबाइल दिवसाला किती तास पाहिला तर चालेल, हा प्रश्न आईवडील मुलांबद्दल विचारतात आणि आता मुलंही आईवडिलांबद्दल विचारू लागली आहेत. प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर एका आकड्यात देणं मला पटत नाही. परगावी असलेल्या बहिणीशी तासभर व्हिडिओ कॉलवर बोलणं आणि तासभर रील्स सरकवत बसणं, दोन्हींत पडदा तोच आणि वेळही तेवढाच. मनावर होणारा परिणाम मात्र निराळा. सोशल मीडियामुळे होणाऱ्या नुकसानीचं मोठं कारण त्याचा वेग आहे, असं माझं मत आहे. एखादी गोष्ट दिसणं आणि तिला आपण प्रतिसाद देणं यांच्यामध्ये पूर्वी जो वेळ जायचा, तो जवळजवळ संपला आहे. तो वेळ पुन्हा मधे घातला तर माणसाची झोप सुधारते, चिडचिड कमी होते, आणि माणसं एकमेकांशी जास्त समजुतीने वागतात. याला पुरावा आहे, आणि याच्यावर आक्षेपही आहेत. दोन्ही बघू.

आधी शरीराचं सांगतो. धोक्याची बातमी, अपमानाचं वाक्य, जखमी माणसाचा व्हिडिओ असं काही समोर आलं की शरीर आपल्या विचाराची वाट पाहत नाही. काही सेकंदांत अ‍ॅड्रेनलिन कामाला लागतं, नाडी वाढते, श्वास उथळ होतो. त्यामागून कॉर्टिसोल हे संप्रेरक सावकाश चढतं. तणावाच्या प्रसंगानंतर साधारण २० ते ३० मिनिटांनी ते सर्वांत वर असतं आणि पूर्ववत व्हायला आणखी वेळ घेतं. म्हणजे एका धक्क्यातून सावरायला शरीराला बरीच मिनिटं लागतात, आणि फीड अर्ध्या मिनिटाला नवा प्रसंग पुढ्यात आणून ठेवतं: अपघात, मग कुणाच्या हळदीतला नाच, मग राजकीय शिवीगाळ, मग एखाद्या आजाराची भीती. प्रत्येक व्हिडिओने कॉर्टिसोल वाढतं असं मी म्हणत नाही, बहुतेकांनी वाढत नाही. पण जे खरोखर हलवून टाकतात त्यांच्यातून बाहेर यायला उसंतच मिळत नाही. रात्री अंथरुणात हे चालू असेल तर झोप लांबणारच. झोपेचा सगळा दोष निळ्या प्रकाशावर ढकलून चष्मे विकले जातात. प्रकाशाचा परिणाम असतो, पण चेतवलेल्या मनाचा वाटा मला त्याहून मोठा वाटतो, आणि त्याला चष्मा पुरा पडत नाही.

लक्ष देण्याच्या सवयीवरही हा वेग उमटलेला दिसतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ग्लोरिया मार्क यांनी माणूस एका पडद्यावर सलग किती वेळ टिकतो हे अनेक वर्षं मोजलं. २००४ मध्ये तो वेळ सरासरी अडीच मिनिटं होता. अलीकडच्या मोजणीत तो ४७ सेकंदांवर आला आहे. हे आपोआप झालेलं नाही. पेपरला शेवटचं पान असायचं आणि दूरदर्शनचे कार्यक्रम रात्री संपायचे, त्यामुळे थांबायची वेळ माध्यमच सांगायचं. २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरने पान कधीच न संपणारी मांडणी तयार केली आणि नंतर तिच्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू होणं हेही त्याच जातीचं. आता थांबायचं केव्हा हे संपूर्णपणे थकलेल्या माणसाच्या निग्रहावर सोडलेलं आहे, आणि दिवसभराच्या कामानंतर रात्री दहा वाजता निग्रह सगळ्यांत दुबळा असतो.

व्यक्तीच्या नाडीत जे होतं तेच समूहात झालं तर काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडी बाजारात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडून पोटासाठी फिरत आलेले भिक्षेकरी होते. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज त्या काळात देशभर फिरत होते आणि अनेक राज्यांत अशा हत्या झाल्या. ते मेसेज पुढे पाठवणारे बहुतेक जण दुष्ट नव्हते, मुलांच्या काळजीने घाबरलेले होते. घाबरलेल्या माणसाच्या हातात एका बोटाने शेकडो लोकांपर्यंत पोहोचायचं साधन होतं, आणि भीती ओसरण्याआधी मेसेज गेलेला असायचा. म्हणूनच तेव्हा झालेला उपाय मला महत्त्वाचा वाटतो. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली आणि फोटो-व्हिडिओशेजारचं झटपट पाठवायचं बटण काढलं. जानेवारी २०१९ मध्ये पाचाची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून, आधीच अनेकदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला, आणि असे मेसेज त्यानंतर ७० टक्क्यांनी कमी झाल्याचं कंपनीने सांगितलं. आकडा कंपनीचाच आहे, त्यामुळे तो थोडा राखून घ्यावा. पण त्यात एक गोष्ट दिसते: कुणाला पाठवण्यापासून अडवलं नव्हतं. दहा ठिकाणी पाठवायचं तर दहा वेळा पाठवा, एवढंच होतं. तेवढ्या कष्टानेही पुष्कळ जणांचं बोट थांबलं.

वेगाचा फायदा असत्याला अधिक होतो, हेही मोजलं गेलं आहे. एमआयटीच्या तीन संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा माग काढला. तो अभ्यास २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्के जास्त होती, आणि १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला सहापट वेळ लागला. यंत्रचलित खाती वगळूनही चित्र बदललं नाही. पसरवणारी माणसंच होती. यावरून माणसं मुळात खोटारडी असा निष्कर्ष निघत नाही. गॉर्डन पेनिकुक आणि डेव्हिड रँड या संशोधकांच्या प्रयोगांत लोकांना फक्त एका मथळ्याबद्दल ‘हे खरं वाटतं का?’ एवढं विचारलं, आणि त्यानंतर त्यांनी पुढे पाठवलेल्या गोष्टींचा दर्जा सुधारला. २०२० मध्ये ट्विटरने, लेख न उघडताच पुढे पाठवणाऱ्याला ‘आधी वाचायचं आहे का?’ असं विचारून पाहिलं, तर लेख उघडण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी वाढलं. खरं-खोटं पारखण्याची कुवत लोकांत असते. ती वापरायला काही क्षण लागतात, आणि ते क्षणच हिरावले गेले आहेत.

यावर पहिला आक्षेप पुराव्याचाच आहे, आणि तो वजनदार आहे. ऑर्बेन आणि प्रिबिल्स्की या संशोधकांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. डिजिटल साधनांचा वापर आणि मनःस्वास्थ्य यांचा संबंध त्यांना आढळला, पण मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक असतो त्यातला फार तर ०.४ टक्के भाग त्या वापरावरून उलगडत होता. मग एवढा आरडाओरडा कशाला? माझं उत्तर असं, की या मोजणीत तास असतात. बहिणीचा व्हिडिओ कॉल, अभ्यासाचा व्हिडिओ, मध्यरात्रीची रील्स, मारामारीची क्लिप या सगळ्यांची बेरीज होते, आणि बेरजेतून फारसं काही हाती लागत नाही. प्रयोग अधिक बोलके आहेत. २०१८ च्या निवडणुकीआधी अमेरिकेत २,७४३ जणांचा एक अभ्यास झाला, त्यात एका गटाने चार आठवडे फेसबुक बंद ठेवलं. रोजचा सुमारे तासभर मोकळा झाला, घरच्यांबरोबरचा वेळ वाढला, समाधानात थोडी वाढ झाली आणि राजकीय कडवटपणा कमी झाला. मात्र बातम्यांची माहितीही कमी झाली. म्हणून सगळं बंद करा, असा सल्ला मी सरसकट देत नाही. मधे अडसर घालण्याचा परिणाम जर्मनीतल्या एका प्रयोगात दिसतो, जो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. निवडलेलं अ‍ॅप उघडण्याआधी एक दीर्घ श्वास घ्यायला लावणारी आणि मग ‘अजूनही उघडायचं आहे का?’ असं विचारणारी ती सोय होती. ३६ टक्के वेळा लोकांनी अ‍ॅप उघडणं तिथेच सोडून दिलं, आणि सहा आठवड्यांत उघडण्याचे प्रयत्नही ३७ टक्क्यांनी घटले.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. सावकाशी ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असं कुणी म्हणालं तर ते झटकून टाकता येणार नाही. डिलिव्हरीच्या मुलाची ऑर्डर, आशा सेविकेचा ग्रुप, कांद्याचा आजचा भाव, सगळं त्याच फोनवर येतं. एप्रिल-मे २०२१ च्या कोरोना लाटेत तर ऑक्सिजन आणि खाटा शोधायला हाच वेग कामी आला, कित्येकांना त्याने वाचवलं. पण त्या दिवसांत उपयोगी पडलेली माहिती कोणती होती ते आठवून पाहा. स्वयंसेवक आधी मिळालेल्या नंबरवर फोन करायचे, सिलिंडर आहे का विचारायचे, आणि ‘दुपारी चार वाजता खात्री केली’ असं लिहून मगच टाकायचे. जे नंबर न तपासता फिरत राहिले त्यांनी नातेवाइकांचे तास वाया घालवले. त्याच वेळी कापूर, ओवा आणि लवंगेची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो असा मेसेजही घरोघर पोहोचला होता. ऑक्सिजन त्याने वाढत नाही, आणि घरी पुरचुंडी हुंगत बसल्याने रुग्णालयात पोहोचायला उशीर होण्याचा धोका होता. घाईच्या प्रसंगीही मधे थांबलेल्या पाच मिनिटांनी मदत झाली. ज्यांची रोजी फोनवर आहे त्यांनी कामाचे मेसेज ताबडतोब पाहावेत. माझा सल्ला उरलेल्या गोष्टींसाठी आहे.

तिसरा आक्षेप जबाबदारीचा. सवय कंपन्यांनी लावायची आणि पथ्य लोकांनी पाळायचं, हा न्याय आहे का? नाही. पाचाची मर्यादा कंपनीनेच घालायला हवी होती आणि ती माणसं मेल्यानंतर घातली गेली, याचा मला राग येतो. असे अडसर कायद्याने आले पाहिजेत. पण कायदा येईल तेव्हा येईल, झोप आजची आहे, आणि एकट्याने जे जमत नाही ते मिळून जमतं हे सांगली जिल्ह्याने दाखवलं आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये ठरवलं, की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद, आणि साडेआठला पुन्हा सुरू. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावं, बोलावं. यातली मोलाची गोष्ट म्हणजे नियम मोठ्यांनाही लागू होता. मुलाच्या हातातला फोन हिसकावून स्वतः फोनवर बसणाऱ्या बापाचं मूल ऐकणार नाही.

आता तुमच्यासाठी. फोन आणि कामाचे मेसेज सोडून बाकी सगळ्या सूचना बंद करा. तुम्ही फोनकडे जा, फोनने तुम्हाला बोलावू नये. व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय जिथे जिथे बंद करता येते तिथे करा. ज्या अ‍ॅपमध्ये तुम्ही हरवता त्यातून प्रत्येक वेळी लॉगआउट व्हा, पासवर्ड टाकण्याचा कंटाळा हाच तुमचा अडसर. सकाळी आलेला खळबळजनक मेसेज संध्याकाळच्या चहापर्यंत पाठवू नका. तोवर तो पाठवावासा वाटला नाही तर उत्तमच. रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा थायरॉइडची गोळी मेसेज वाचून कधीही बंद करू नका, तो मेसेज डॉक्टरांना दाखवा. रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधं घड्याळ आणा. एखाद्या पोस्टने छाती धडधडली तर उत्तर लिहिण्याआधी पाच मिनिटं सावकाश श्वास घ्या, एक श्वास आत-बाहेर मिळून दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा. याला आधार आहे: २००१ मध्ये इटलीतल्या बर्नार्डी या संशोधकांनी २३ निरोगी माणसांवर अभ्यास केला. जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ या दोन्हींनी श्वास जवळपास याच गतीला आला, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक संवेदनशील झाली. नामस्मरणाची सवय असेल तर तेच सावकाश करा. श्वास कोंडून धरू नका, चक्कर आली तर थांबा, आणि याला गोळीचा पर्याय समजू नका.

काही जणांना एवढ्याने पुरणार नाही. फोन दूर ठेवला की घाम फुटत असेल, मुलाची शाळा किंवा तुमचं काम बुडत असेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, झोप आणि भूक गेली असेल, तर सवय मोडायच्या खटपटीत एकट्याने वेळ घालवू नका, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. बंगळुरूच्या निमहान्समध्ये २०१४ पासून मोबाइल-इंटरनेटच्या अतिवापराच्या त्रासासाठी स्वतंत्र उपचार विभाग आहे. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर वाट पाहू नका, त्याच दिवशी मदत घ्या. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन मोफत आहे, रात्रीही लागतो, आणि मराठीतून बोलता येतं.