चढणीचा मासा : धरावा की सोडावा?

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आमच्या गावात रात्री कोणी लवकर झोपत नाही. ओढ्याला लाल पाणी येते, ते भातखाचरांत पसरते आणि नदीतले मासे त्या पाण्याच्या धारेविरुद्ध वर चढू लागतात. यांना आमच्याकडे ‘चढणीचे मासे’ म्हणतात. काही भागांत ‘वलगणीचे मासे’ असेही नाव आहे. बॅटरी, पाग आणि टोपली घेऊन माणसे बांधाबांधावर उभी असतात. मासे अंडी घालायला निघालेले असतात, म्हणून त्यांच्या पोटात गाबोळी असते आणि गाबोळीचा मासा सर्वांनाच आवडतो. मलाही आवडतो, हे आधीच सांगून टाकते.

कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला सरांनी उत्तर अटलांटिकमधील मत्स्यक्षेत्रे शिकवताना सॅमन माशाची हकीकत सांगितली. तिकडचे हौशी लोक गळाने हा मासा धरतात आणि जिवंतच पुन्हा नदीत सोडून देतात, हे ऐकून वर्गात हशा पिकला. घरी सांगितले तेव्हा बाबाही हसले. म्हणाले, “धरून सोडायचा, तर धरायचाच कशाला, बाय?”

मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना जे वाचनात आले आणि त्यावर जो विचार केला, तो या लेखात मांडत आहे.

सॅमनची चढण

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण रावस आणि सॅमन यांचे कूळ अगदी वेगळे आहे. येथे विचार करायचा आहे तो अटलांटिक सॅमनचा. शिवाय शहरांतील दुकानांत जो सॅमन मिळतो, तो बहुधा समुद्रातील पिंजऱ्यांत वाढवलेला असतो. आपला विषय आहे रानटी, म्हणजे नदीत आपोआप जन्मलेला सॅमन.

स्कॉटलंड, आयर्लंड, नॉर्वे, आइसलंड, कॅनडा या थंड प्रदेशांतील नद्यांच्या खडीत तो जन्मतो. एक ते चार वर्षे नदीत काढल्यावर त्याच्या अंगावर रुपेरी झाक येते आणि तो समुद्रात उतरतो. तेथून पार ग्रीनलंडच्या बाजूपर्यंत जाऊन, खाऊन-पिऊन मोठा होऊन, एक ते तीन वर्षांनी तो परत येतो आणि बहुधा आपल्या जन्माच्याच नदीत शिरतो. पाण्याच्या वासावरून तो नदी ओळखतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. नदीत चढू लागल्यावर तो जवळजवळ काहीच खात नाही; अंगातल्या चरबीवर धबधबे ओलांडतो. प्रशांत महासागरातील सॅमनच्या पाच प्रमुख जाती अंडी घालून मरतात. अटलांटिक सॅमनमधील थोडे मात्र वाचून पुन्हा समुद्र गाठतात.

आमच्या खाचरातला मासा आणि हा मासा यांत हजारो मैलांचे अंतर आहे, पण दोघेही चढणीचेच. दोघेही माणसाच्या हाती सापडतात ते पुढच्या पिढीला जन्म द्यायला निघालेले असताना.

घट किती झाली?

डिसेंबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने अटलांटिक सॅमनला ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ असलेल्या प्राण्यांत घातले. 2006 ते 2020 या काळात त्याची जागतिक संख्या 23 टक्क्यांनी घटल्याचे या संघाने नोंदवले आहे. ब्रिटनमधील सॅमन तर त्याहून वरच्या, म्हणजे संकटग्रस्त वर्गात गेला.

कारणे एकापेक्षा जास्त आहेत. समुद्राचे पाणी तापले आणि त्याबरोबर माशाचे खाद्य हलले. नद्यांवर धरणे व बंधारे झाले. शेतातील खते व गाळ नदीत उतरला. पिंजऱ्यांतील माशांवर वाढणाऱ्या समुद्री उवा जवळून जाणाऱ्या कोवळ्या रानटी माशांना लागतात. पिंजऱ्यातून सुटलेले मासे रानटी माशांशी संकर करून त्यांचा वंश दुबळा करतात. आणि माणसाने धरलेही अमाप. एकट्या ग्रीनलंडच्या समुद्रात 1971 साली सुमारे 2,700 टन सॅमन पकडला गेला होता.

सोडण्याच्या बाजूने

आता गळवाल्यांकडे येऊ. हे लोक पोटासाठी मासे धरत नाहीत. नदीच्या एखाद्या पट्ट्यात गळ टाकण्यासाठी पैसे मोजतात. मासा घटू लागला तसा त्यांच्यातूनच विचार पुढे आला की, आनंद धरण्याचा आहे, तर मारावे कशाला? गळवाल्यांच्याच जगातून आलेल्या ली वुल्फ या अमेरिकन मत्स्यशौकिनाने 1939 सालीच आपल्या पुस्तकात या मताचा पुरस्कार केला होता. कॅनडाच्या पूर्वेकडील न्यू ब्रन्सविकसारख्या प्रांतांत 1984 पासून मोठे सॅमन सोडून देणे सक्तीचे झाले. स्कॉटलंडमध्ये 2016 पासून प्रत्येक नदीची दरसाल पाहणी होऊन तिला वर्ग दिला जातो. तिसऱ्या वर्गातील नदीत धरलेला प्रत्येक सॅमन सोडावाच लागतो.

यामागचा हिशेब सोपा आहे. सॅमनची मादी वजनाच्या दर किलोमागे साधारण दीड हजार अंडी घालते. म्हणजे पाच किलोची एक मादी सोडली, तर नदीत सुमारे साडेसात हजार अंडी पडतात. जिथे माद्या विपुल आहेत तिथे याने फारसा फरक पडत नाही, कारण नदीच्या खडीत व खाद्यात ठराविक पिल्लेच पोसली जातात. बाकीची उपाशी मरतात. परंतु जिथे माद्याच मोजक्या उरल्या आहेत, तिथे एकेक मादी मोलाची. म्हणून “सोडावा का?” याचे उत्तर प्रत्येक नदीला वेगळे असते.

सोडलेला मासा जगतो का? पाणी थंड असेल आणि हात जाणता असेल तर बहुधा जगतो. नॉर्वेतील आल्टा नदीत सोडलेल्या माशांना रेडिओचे यंत्र बांधून त्यांचा माग काढण्यात आला, तेव्हा बहुतेक सर्व जगल्याचे आढळले. मात्र गळाला उलटा काटा नसावा, माशाला पाण्याबाहेर काढू नये आणि त्याला दमवून दमवून ओढू नये. पाण्याचे तापमान 20 अंशांच्या आसपास गेले की मरणाचे प्रमाण वाढते. कॅनडातील मिरामिशी नदीवर पाणी असे तापले की मासे जिथे थंडाव्याला जमतात ते डोह गळवाल्यांना बंद केले जातात.

विरुद्ध बाजू

पहिला आक्षेप क्रूरतेचा. ब्रिटनमधील लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवून दिले की, सॅमनच्याच कुळातील ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा जाणणाऱ्या मज्जातंतूंची टोके असतात. माशाला आपल्यासारखी वेदना होते काय, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. परंतु स्वित्झर्लंडमध्ये केवळ सोडण्याच्या हेतूने मासा धरण्यास कायद्याने मनाई आहे. खायचा असेल तर धरा, नाहीतर त्याला त्रास देऊ नका, असे तेथील कायदा सांगतो. बाबांचे म्हणणे तरी याहून वेगळे काय होते?

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. उत्तर अमेरिकेतील अनेक आदिवासी समाज म्हणतात की, मासा हे अन्न आहे आणि अन्नाशी खेळणे हा त्याचा अपमान आहे. नॉर्वे-फिनलंडच्या सीमेवरील ताना नदीवर सामी लोक पिढ्यान्‌पिढ्या सॅमन धरत आले. मासा फारच घटल्यामुळे 2021 साली तेथील सॅमनची मासेमारी बंद करण्यात आली. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची जाळीही 2016 पासून बंद आहेत. हौशी गळ मात्र चालू आहेत. ज्याचे पोट माशावर, त्याचे जाळे आधी गुंडाळले जाते आणि ज्याची करमणूक माशावर, तो सोडून देण्याचे पुण्य पदरात पाडून घेतो. पाग टाकणाऱ्याच्या घरात वाढल्यामुळे मला हे बोचते.

याला गळवाल्यांचेही उत्तर आहे आणि ते खोटे नाही. त्यांनी भरलेल्या पैशांतून नद्यांची राखण होते. नदीत विष उतरले तर पहिली ओरड तेच करतात. आइसलंडचे ओरी विगफुसन (मृत्यू 2017) यांनी तर 1989 पासून निधी उभारून, जाळीवाल्यांना मोबदला देऊन समुद्रातील जाळी थांबवली. नुसती बंदी घालण्यापेक्षा हा मार्ग अधिक न्यायाचा, असे मला वाटते.

आडात आणि पोहऱ्यात

तिसरा मुद्दा सर्वांत कठीण आहे. सोडून देण्याने सॅमन वाढला का? स्कॉटलंडमध्ये 1994 पासून सोडलेल्या माशांची नोंद ठेवली जाते. त्या वर्षी गळाने धरलेल्या सॅमनपैकी दहा टक्केही सोडले गेले नव्हते. अलीकडे हे प्रमाण 95 टक्क्यांच्या वर गेले आहे. तरीही 2023 मध्ये गळाला लागलेल्या सॅमनची संख्या सुमारे 33 हजारांवर आली, म्हणजे 1952 मध्ये नोंदी सुरू झाल्यापासूनची सर्वांत कमी. पाऊसपाण्यानुसार हा आकडा वरखाली होतो आणि 2024 मध्ये तो काहीसा वर आला, हे मान्य. पण एकूण उतार लपत नाही. समुद्रात गेलेल्या शंभर पिल्लांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच परत येत असतील, तर नदीत कितीही सोडले तरी पुरणार कसे? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

म्हणून सोडणे व्यर्थ आहे, असा निष्कर्ष मात्र मी काढणार नाही. तापात कपाळावर पाण्याची पट्टी ठेवल्याने रोग जात नाही, पण रोगी तग धरतो. चूक होते ती पट्टीलाच औषध समजण्यात. मासा सोडला, आपले कर्तव्य संपले, असे म्हणून गळवाला समुद्रातील पिंजऱ्यांकडे, बंधाऱ्यांकडे आणि तापणाऱ्या पाण्याकडे पाठ फिरवील, तर त्याचे सोडणे हे केवळ मनाचे समाधान ठरेल.

माझे मत

माझे मत थोडक्यात असे. जिथे मासा विपुल आहे तिथे खाण्यापुरता धरावा, घरी न्यावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. जिथे तो घटला आहे पण पाणी थंड आहे, तिथे गळ टाकणाऱ्याने तो सोडलाच पाहिजे. आणि जिथे पाणी तापले आहे किंवा मासे मोजण्याइतकेच उरले आहेत, तिथे धरू नये आणि सोडूही नये. काठी घरी ठेवावी. नॉर्वेने जून 2024 मध्ये ऐन हंगामात 33 नद्या सॅमनच्या गळाला बंद केल्या, तो निर्णय मला या दृष्टीने योग्य वाटतो. त्या वेळी हौशी माणसालाही घरी बसावे लागले.

हे सर्व मी बाबांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमच्या लहानपणी टोपली भरायची, आता तळ झाकत नाही. तुझ्या पुस्तकात आपल्या ओढ्याचं काही लिहिलंय का?”

लिहिलेले नव्हते. समुद्रातील मासेमारी आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै बंद असते, पण ओढ्यावरच्या चढणीकडे कोणी पाहत नाही. या पावसाळ्यात बाबांनी पाग टाकली तेव्हा मीही बांधावर होते. टोपलीत पोट फुगलेल्या तीन माद्या आल्या. मी काही बोलले नाही. बाबांनीच त्यांतली एक उचलली, क्षणभर बॅटरीच्या उजेडात धरली आणि बांधाच्या वरच्या अंगाला पाण्यात सोडली. दोन आम्ही खाल्ल्या.

तीन माशांतून एक सोडल्याने ओढा भरेल, असे मी म्हणत नाही. पण पुढच्या मृगापासून किती मासे चढले, याची नोंद मी एका वहीत ठेवणार आहे. धरावा की सोडावा, हे ठरवण्याआधी किती उरले आहेत हे तरी आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

(द्वितीय वर्ष, कला)