काटकसर कुठे थांबवावी

१८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. त्या पगारात पत्नीचा बोटीचा प्रवास आणि तीन वर्षांचं वैद्यकीय शिक्षण बसणं शक्यच नव्हतं. तरी पैसे उभे राहिले. फेब्रुवारीत बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजात आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून आपण का जातो आहोत ते सांगितलं आणि मदत येऊ लागली; व्हाइसरॉयनीही निधीला हातभार लावला. दागिने विकले गेले. न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या थिओडिशिया कारपेंटर यांनी आपलं घर उघडलं. पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांनी प्रवेशासोबत शिष्यवृत्तीही देऊ केली.

मोठा खर्च असा निभावला. घात झाला तो लहान गोष्टींत. फिलाडेल्फियात राहायला मिळालेल्या खोलीतली शेगडी नीट चालत नसे. पेटवली तर धूर, न पेटवली तर गारठा. शाकाहारी माणसाला पोटभर जेवण मिळण्याची मारामार. अंगावर साडी, आणि ती थंडीत कशी नेसावी यावर नवऱ्याशी पत्रांतून चाललेला वाद. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या तेव्हा प्रकृती ढासळू लागली होती. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूक झाली होती, पण ते काम त्यांच्या हातून व्हायचंच नव्हतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. वय अवघं २१. एका खोलीने माणूस जात नाही, आणि त्या काळी क्षयावर औषधही नव्हतं. पण त्यांची पत्रं वाचताना एक गोष्ट मनातून हलत नाही: ज्या शरीराच्या बळावर हे सगळं चाललं होतं, त्या शरीराचीच सोय सर्वांत शेवटी पाहिली गेली.

काशीबाई कानिटकरांनी पुढे आनंदीबाईंचं चरित्र पत्रांसह छापलं. त्या पत्रांतले अनुभवाचे बोल पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या अनेक घरांना आज थेट लागू पडतात. संत तुकारामनगरात महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं वायसीएम. तिथे पदव्युत्तर शिक्षण चालतं. शेजारीच डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय. जोडीतला एक तिथे निवासी डॉक्टर आणि दुसरा चाकणच्या, भोसरीच्या किंवा तळवड्याच्या कारखान्यात, अशी घरं इथे असणारच. डॉक्टर तीस-छत्तीस तासांनी ड्युटीवरून सुटणार, तोवर दुसऱ्याची कंपनीची बस तळेगाव चौकाच्या कोंडीत अडकलेली. पैशाबद्दल निवांत बोलायला दोघांना एकत्र वेळ मिळत नाही, आणि अडचण तिथूनच वाढत जाते.

या पट्ट्याचं एक दुखणं निराळं आहे. इथल्या पगाराच्या स्लिपवर ओव्हरटाइम असतो. कायद्याने तो दुप्पट दराने मिळतो, म्हणून हातात येणारी रक्कम बरी दिसते आणि हप्ता त्या रकमेवर ठरवला जातो. २०१९ च्या वाहनमंदीत इथल्या कारखान्यांनी ब्लॉक क्लोजर घेतले, म्हणजे काही दिवस उत्पादन बंद ठेवलं, आणि ओव्हरटाइम, म्हणजे ओटी, थांबली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. २०२१ मध्ये चिपच्या टंचाईने लाइन मंदावल्या. कंत्राटी कामगाराला तर ब्लॉक क्लोजरची नोटीसही लागत नाही. त्याला फक्त कामावर बोलावत नाहीत.

वैद्यकीय शिक्षणाच्या बाजूलाही तारखा घसरत होत्या. पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी २०२१ ही परीक्षा १८ एप्रिलला होती. ती पुढे ढकलली गेली आणि ११ सप्टेंबरला झाली. मग आर्थिक दुर्बल घटकांच्या उत्पन्नमर्यादेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. प्रवेशफेरी सुरू व्हायला १२ जानेवारी २०२२ उजाडला. एमबीबीएस झालेला, लग्न झालेला, ‘या मेपासून विद्यावेतन सुरू होईल’ असं घरी सांगून बसलेला डॉक्टर तेवढे महिने अधांतरी राहिला. २०२४ ची परीक्षा २३ जूनला होती. ती आदल्या रात्री पुढे ढकलली गेली आणि ११ ऑगस्टला झाली. २०२५ ची १५ जूनऐवजी ३ ऑगस्टला झाली. एवढं पाहिल्यावर तरी घरच्या हिशोबात परीक्षेची, निकालाची, रुजू होण्याची तारीख पक्की धरू नये. जाहीर तारखेपुढे सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल तरच नोकरी सोडून अभ्यासाला बसावं. एवढी शिल्लक नसेल तर अर्धवेळ का होईना, काम चालू ठेवावं.

विद्यावेतनाचंही तसंच. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीनुसार खासगी महाविद्यालयानेही सरकारी महाविद्यालयाइतकंच विद्यावेतन द्यायचं आहे, आणि प्रवेश घेण्याआधी याची लेखी चौकशी करावी. पण ते दर महिन्याला ठरल्या दिवशी येईलच, यावर हप्ता बांधू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेने राज्यभर संप केला तेव्हा मागण्यांत विद्यावेतनाच्या वाढीबरोबर ते वेळेवर मिळण्याची मागणीही होती. त्या सुमारास सरकारने दरमहा १० हजार रुपयांची वाढ मंजूर केली. वेळेवर मिळण्याची हमी कुठल्याही कुटुंबाला गृहीत धरता येत नाही. त्यामुळे घराचं भाडं, किराणा आणि मुलाची फी कारखान्यातल्या मूळ पगारात बसवावी, ओटी आणि विद्यावेतन वेगळ्या खात्यात जाऊ द्यावं. हे अवघड आहे, काही घरांत अशक्यही. अशक्य असेल तर निदान नवा हप्ता घेऊ नये. ‘पुढे डॉक्टरच होणार आहे’ या भरवशावर मोशीत किंवा चिखलीत फ्लॅट बुक करण्याचा आग्रह घरातूनच होतो. तो नम्रपणे पण ठाम नाकारावा.

कर्ज घ्यायचंच झालं तर कुठून घ्यायचं, हे आधी ठरवावं. कंपनीतली पतपेढी पटकन पैसे देते, सोनेतारण त्याहून पटकन. शैक्षणिक कर्जाला कागद जास्त लागतात, पण प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत ‘८०ई’ म्हणून ओळखली जाणारी सवलत त्यालाच मिळते. ही सवलत जोडीदाराच्या उच्च शिक्षणासाठी काढलेल्या कर्जालाही लागू आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कर्ज कमावत्या जोडीदाराच्या नावावर असेल आणि तो आपल्या उत्पन्नातून व्याज भरत असेल, तर ते सगळं व्याज वजावटीला पात्र ठरतं. रकमेला वरची मर्यादा नाही. व्याज भरायला सुरुवात केल्या वर्षापासून आठ वर्षं हा लाभ मिळतो. पतपेढीच्या कर्जाला तो नाही आणि नवी करप्रणाली निवडली तरी नाही.

शैक्षणिक कर्जात कोर्स संपून साधारण वर्षभर हप्ता नसतो, म्हणून काही चालूच नाही असं वाटतं. व्याज चालू असतं. पहिल्याच वर्षी १० लाख उचलले आणि १० टक्के सरळ व्याज धरलं, तर पदव्युत्तरची तीन वर्षं आणि पुढचं एक मिळून ४ लाख रुपये मुद्दलावर चढतात. महिन्याला आठ हजारांच्या आसपास नुसतं व्याज भरता आलं तर हा डोंगर उभाच राहत नाही.

आता काटकसरीकडे. पैसे कमी पडले की पहिल्यांदा शिकणाऱ्याची खोली जाते. वसतिगृह सोडून चाकणहून ये-जा केली तर भाडं वाचेल, असा हिशोब होतो. त्याच पदव्युत्तर नियमावलीप्रमाणे महाविद्यालयाने राहण्याची सोय देणं बंधनकारक आहे. तिथे राहण्याची सक्ती विद्यार्थ्यावर नाही. ही सोय सोडू नये. रात्रभर जागलेल्या डॉक्टरने पुणे-नाशिक रस्त्यावर दुचाकी चालवत घर गाठायचं, ही बचत कोणाच्याही कामाची नाही. मेसचे पैसे, डबा, झोप आणि स्वतःची तपासणी यांवर कात्री चालवू नये. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर क्षयाची तपासणी करून घ्यावी. वॉर्डात काम करणाऱ्याला तो धोका आजही आहे. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमवर पूर्ण भिस्त ठेवू नये, कारण नोकरी गेली की तोही जातो.

गोपाळरावांनीच आनंदीबाईंना शिकवलं, हे खरं. पण त्यांच्या पत्रांतला टोचणारा, हिशोब मागणारा सूरही तितकाच खरा आहे. कमावत्या माणसाच्या मनात हक्काची भावना नकळत शिरते. ‘माझ्या पैशावर शिकतेस’ किंवा ‘शिकतोस’ हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की परत घेता येत नाही. म्हणून कोण किती देणार, कोणाच्या आईवडिलांकडून काय आलं, ते परत करायचं की नाही, हे प्रवेशाच्या वेळीच एका वहीत दोघांनी लिहून ठेवावं.

आणि बाँड विसरू नये. महाराष्ट्रात सरकारी आणि महापालिका महाविद्यालयांतून शिकलेल्यांना एक वर्ष शासकीय सेवा करावी लागते. ती टाळली तर पदव्युत्तरला ५० लाख रुपये भरावे लागतात. सेवेत पगार असतो, पण नेमणूक गडचिरोलीतही होऊ शकते, नंदुरबारातही. तेव्हा चाकणचं घर आणि तिकडची खोली अशी दोन भाडी सुरू होतात. शेवटची परीक्षा आणि नेमणुकीचं पत्र यांमध्ये काही महिने डॉक्टरचं विद्यावेतनही नाही आणि पगारही नाही असंही होतं. त्या महिन्यांसाठीचे पैसे दुसऱ्या वर्षापासूनच बाजूला टाकायला लागावेत.