एल. ई. डी. दिवा : त्याची रचना व घडण

रोह्याच्या वरच्या अंगास, कुंडलिकेच्या खोऱ्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशीं भिरा येथें टाटांचें वीजगृह आहे. मुळशीच्या तलावाचें पाणी डोंगरमाथ्यावरून मोठमोठ्या नळांतून तेथें खालीं कोसळतें व त्याच्या जोरावर १९२७ सालापासून तेथें वीज उत्पन्न होत आली आहे. त्या तलावाखालीं मावळांतील शेतकऱ्यांच्या पिढीजात जमिनी गेल्या. त्यांकरितां सेनापति बापट प्रभृतींच्या नेतृत्वाखालीं १९२१ सालीं सत्याग्रह सुरू झाला, हें तुम्हांस ठाऊक असेल. मुंबईच्या गिरण्या चालाव्या व दिवे लागावे म्हणून कोणाची तरी भातशेती बुडाली. दिवा लावणें ही फुकटची गोष्ट कधींच नव्हती. ही जाणीव मनांत ठेवून आपण आजच्या विषयाकडे वळूं.

जुन्या विजेच्या दिव्यांत टंगस्टनची बारीक तार तापून पांढरी होते व प्रकाश देते. परंतु तिला दिलेल्या शक्तीच्या शंभर भागांपैकीं जेमतेम पांच भागांचा प्रकाश होतो. बाकीची सारी शक्ति उष्णतेंत जाते. म्हणजे तो दिवा वस्तुतः एक लहानशी शेगडीच होय. आज ९ वॅटचा एल. ई. डी. दिवा त्या ६० वॅटच्या दिव्याचें काम करतो. हें कसें घडतें?

विजेच्या दृष्टीनें पदार्थांचे तीन वर्ग पडतात: तांब्यासारखे वाहक, कांचेसारखे विरोधक, व या दोहोंमधले अर्धवाहक. अर्धवाहकाच्या शुद्ध स्फटिकांत दुसऱ्या मूलद्रव्याचे अगदीं थोडे अणु मिसळले कीं त्याचा स्वभाव पालटतो. एका प्रकारच्या मिश्रणानें त्यांत मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन वाढतात. हा एन जातीचा अर्धवाहक. दुसऱ्या प्रकारानें इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा उत्पन्न होतात. त्यांस छिद्रें म्हणतात, व हा पी जातीचा अर्धवाहक. या दोन जातींचे थर एकमेकांस लागून असले व त्यांस योग्य दिशेनें विजेचा दाब दिला, म्हणजे एकीकडून इलेक्ट्रॉन व दुसरीकडून छिद्रें सांध्याकडे येतात. तेथें इलेक्ट्रॉन छिद्रांत पडतो, आणि पडतांना आपली जादा शक्ति प्रकाशाच्या रूपानें बाहेर टाकतो. येथें तार तापविण्याचें कारणच उरत नाहीं.

भिऱ्याचा दृष्टांत येथें उपयोगी पडेल. पाणी जितकें उंचावरून पडेल तितकी त्याच्या प्रत्येक थेंबाची शक्ति अधिक. त्याचप्रमाणें ज्या पदार्थांत इलेक्ट्रॉनाच्या पतनाची ‘उंची’ कमी, त्यांतून तांबडा प्रकाश निघतो. जेथें ती अधिक, तेथून निळा. तांबड्यास सुमारें १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, निळ्यास सुमारें २.७. ही उंची पदार्थाच्या स्फटिकानेंच ठरलेली असल्यामुळें दिवा रचणाऱ्यापुढें पहिला प्रश्न पदार्थाच्या निवडीचा असतो. संगणकांत सर्वत्र वापरला जाणारा सिलिकन येथें कामाचा नाहीं. त्यांत पडणाऱ्या इलेक्ट्रॉनाची शक्ति बहुतेक उष्णतेंतच विरून जाते. म्हणून गॅलियम या धातूच्या संयुगांचा आश्रय घ्यावा लागतो.

१९०७ सालीं एच. जे. राउंड या इंग्रज संशोधकांस कार्बोरंडमच्या स्फटिकांतून वीज जातांना पिवळसर प्रकाश दिसला. पुढें रशियांत ओलेग लोसेव यांनीं त्याचा पाठपुरावा केला. १९६२ सालीं अमेरिकेंत निक होलोन्याक यांनीं डोळ्यांस दिसणारा तांबडा दिवा सिद्ध केला. मागून हिरवाही आला. परंतु तेजस्वी निळा तीस वर्षें साधेना, आणि निळ्यावांचून पांढरा प्रकाश मिळेना.

गॅलियम नायट्राइड हा पदार्थ निळ्यास योग्य, हें शास्त्रज्ञांस माहीत होतें. अडचण होती ती त्याचा निर्दोष स्फटिक वाढविण्याची. हा पदार्थ नीलम जातीच्या रत्नाच्या पारदर्शक चकतीवर वाढवितात; पण दोहोंच्या अणूंची मांडणी एका मापाची नाहीं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या थरावर विटा रचल्या तर सांध्यावर सांधा जुळत नाहीं, तसेंच हें. नागोया येथील प्राध्यापक इसामु अकासाकी व त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो यांनीं १९८६ सालीं मध्यें ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर कमी उष्णतेवर बसवून ही अडचण दूर केली. दुसरी अडचण पी जातीच्या थराची. मॅग्नेशियम मिसळूनही छिद्रें मिळत ना. १९८९ सालीं त्याच गुरुशिष्यांनीं थरावर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून तीं मिळविलीं. असें कां व्हावें, याचा उलगडा शुजी नाकामुरा यांनीं केला. अमोनियांतून सुटलेला हायड्रोजन मॅग्नेशियमला बांधून ठेवीत होता. चकती योग्य रीतीनें नुसती तापविली तरी तो निघून जाई. १९९३ सालीं नाकामुरा यांनीं तेजस्वी निळा दिवा जगापुढें ठेवला, व २०१४ सालीं या तिघांस पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. नाकामुरा हे कोणा विख्यात विद्यापीठांत नव्हते. शिकोकू बेटावरील अनान या लहान गांवीं निचिया नांवाच्या रसायनांच्या कारखान्यांत ते नोकरीस होते, व आपली भट्टी स्वतःच्या हातांनीं सुधारीत असत. रोह्याजवळ धाटावच्या रासायनिक कारखान्यांत ज्यांचे वडील कामास जातात, त्या मुलांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें.

आतां प्रत्यक्ष घडण पाहूं. नीलमाची घांसून गुळगुळीत केलेली चकती बंद भट्टींत ठेवून सुमारें १००० अंशांपर्यंत तापवितात. गॅलियमयुक्त वाफ व अमोनिया वायु तीवर सोडले कीं गॅलियम नायट्राइडचा थर हळूहळू जमूं लागतो. प्रथम सिलिकन मिसळून एन जातीचा थर. त्यावर इंडियम मिसळलेले, एका मिलिमीटरच्या लक्षांशाहूनही पातळ असे थर, जेथें प्रकाश उत्पन्न व्हावयाचा. आणि सर्वांच्या वर मॅग्नेशियम मिसळलेला पी जातीचा थर. इंडियमचें प्रमाण किंचित् चुकलें तरी रंग बदलतो. नंतर थर ठराविक जागीं कोरून त्यांवर धातूचे संपर्क बसवितात, व चकती कापून तिच्या हजारों कणिका करतात.

प्रकाश उत्पन्न झाला म्हणजे तो बाहेर येतोच असें नाहीं. पूर्ण आंतरिक परावर्तन तुम्हीं वर्गांत शिकलां आहांच. या स्फटिकाचा वक्रीभवनांक सुमारें २.४ असल्यामुळें पुष्कळसा प्रकाश आंतल्या आंतच अडकतो. म्हणून पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करतात व कणिकेवर पारदर्शक घुमट बसवितात. कणिका वाटींत बसवून केसाहून बारीक तारेनें जोडतात, आणि तीवर सेरियम मिसळलेल्या एका पिवळ्या चूर्णाचा लेप देतात. कांहीं निळा प्रकाश या चूर्णांत शोषला जाऊन पिवळा होतो. उरलेला निळा व हा पिवळा मिळून डोळ्यास पांढरा भासतो. शेवटीं प्रत्येक कणिकेचा रंग व तेज मोजून प्रतवारी लावतात.

एकेका कणिकेस सुमारें ३ व्होल्टचा एकदिश दाब पुरतो. घरांतील वीज तर २३० व्होल्टची व उलटसुलट वाहणारी. म्हणून दिव्याच्या बुडाशीं तिचें रूपांतर करणारें मंडल असतें. दिवा लवकर गेला तर बहुधा कणिका नव्हे, हें मंडलच उष्णतेनें बिघडलेलें असतें. यास्तव असा दिवा कोंदट, बंद हंडींत लावूं नये.

रंगाविषयींही सावध असावें. एखादी जुनी सी. डी. दिव्यासमोर तिरपी धरून पाहा: निळा पट्टा ठसठशीत, त्यालगत अंधुक जागा, मग पिवळा, व गडद तांबडा क्षीण. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत रात्रीं रंगकाम करणाऱ्या कारागिरास याचें महत्त्व आहे. हलक्या दिव्याखालीं लावलेला तांबडा रंग सकाळच्या उन्हांत निराळाच दिसेल. अशा कामास रंग यथार्थ दाखविणारे निराळे दिवे मिळतात.

आपल्या देशानें या दिव्याचा प्रसार मोठा केला. सरकारच्या उजाला योजनेंत २०१५ पासून ३६ कोटींहून अधिक दिवे वांटले गेले. मुंबईच्या आय. आय. टी. नें ‘सोल’ योजनेंतून ग्रामीण विद्यार्थ्यांसाठीं सूर्यशक्तीवर चालणारे अभ्यासाचे दिवे काढले, व त्यांची जुळणी गांवच्याच लोकांकडून करविली. तरीही कणिका बहुतांशीं परदेशांतूनच येतात. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत नायट्राइडचे स्फटिक वाढविण्याचें काम झालें आहे. पण प्रयोगशाळेपासून कारखान्यापर्यंतची वाट चालणारे हात अजून थोडे आहेत. ती उणीव कोणी भरून काढावयाची?

एक लहानसें गणित करून हा लेख संपवितों. ६० वॅटच्या जागीं ९ वॅटचा दिवा रोज पांच तास लावला, तर वर्षाकांठीं सुमारें ९३ युनिट वीज वांचते. विजेच्या प्रत्येक युनिटामागें कोठली तरी नदी, कोठलें तरी रान, कोणाची तरी जमीन उभी असते. म्हणून स्वस्त झाला म्हणून हा दिवा निष्कारण जळत ठेवूं नका. दिवा दिवठणीवर ठेवावा, हा दृष्टांत आपण उपासनेच्या वेळीं ऐकतों. त्याच्या उजेडांत आपण काय वाचतों, आणि उद्यां कोणासाठीं नवा दिवा घडवितों, यावरच त्याची सार्थकता अवलंबून आहे.