आधी टेबल, मग मशीन

ताई म्हणून सांगते, जरा बसून ऐक. विश्वकर्मा योजनेतून लाख रुपयांचं कर्ज मिळणार म्हटल्यावर तू टेबल सॉ, प्लेनर, राउटर अशी यादी काढून मोकळी झालीस. यादीतली एकही वस्तू वाईट नाही, क्रम मात्र उलटा आहे. मशीन सगळ्यांत शेवटी येऊ दे. लोहाऱ्याकडच्या खेड्यात पहिल्या वर्षी तुझ्याकडे येणारं काम म्हणजे खाटेचा मोडका पाय, फुगून घासणारं दार, कुदळीचा दांडा, एखादा देव्हारा. यातलं निम्मं काम हाताच्या हत्यारांनी होतं. हप्ता मात्र दर महिन्याला येतो, काम आलं तरी आणि नाही आलं तरी.

बैल विकल्यापासून आईकडचा गोठा रिकामाच आहे. तोच घे, भाड्याच्या गाळ्याच्या मागे लागू नकोस. फक्त आधी टेप लावून माप घे. प्लायवूडचा शीट 8 बाय 4 चा असतो आणि तो आत आडवा फिरवता आला पाहिजे. बारा फूट रुंदी असेल तर भागतं. दार चार फुटांचं तरी कर, नाहीतर केलेलं कपाट आतच अडकेल. पत्र्याला वरून चुना मार. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, तापलेल्या पत्र्याखाली फळ्यांची टोकं तडकतात आणि माणूसही दुपारी उभं राहू शकत नाही. वर कडबा मात्र टाकू नकोस. खाली भुसा, वर कडबा, मग एक ठिणगी पुरते. उत्तरेच्या भिंतीत खिडकी पाड. तिकडून दिवसभर सारखा उजेड येतो आणि आखलेली रेघ नीट दिसते.

त्या खिडकीपाशी पहिलं काम करायचं ते टेबलाचं. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण इथे कुणी लक्ष देत नाही. सरळ उभी राहा, हात सैल सोड आणि मनगटाची घडी जमिनीपासून किती उंच येते ते मोज. तुझ्या टेबलाची उंची तेवढी. तयार टेबलं बहुधा पुरुषांच्या बेताची असतात. त्यांच्यावर रंधा मारताना तुझे खांदे वर चढतील आणि जोर कमरेतून न येता दंडातून येईल. संध्याकाळपर्यंत हात भरून येतील, आणि लोक म्हणतील की बाईमाणसाला हे काम झेपत नाही. झेपतं गं, टेबल तेवढं आपल्या मापाचं हवं. वरची फळी तीन इंच जाड ठेव, पाय जडशीळ कर, एका टोकाला चांगला शिकंजा बसव. रंधा मारताना टेबल हललं तर ते परत ठोक, पण हलत्या टेबलावर काम करू नकोस.

टेबलासाठी लाकूड सॉ मिलमधून नवं आणू नकोस. आपल्या पट्ट्यात त्याहून चांगलं लाकूड पडून आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. लोहारा-उमरग्याच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचा मातीचा भार कोसळला, पण पडलेल्या माळवदांचे खांब, तुळया, कड्या कितीतरी ठिकाणी शाबूत निघाल्या. ते लाकूड पुढे गोठ्यांना, पडव्यांना लागलं. अजूनही जुनी माळवदं उतरवून स्लॅब टाकणं चालूच आहे, आणि उतरलेलं लाकूड कुणी ना कुणी विकायला काढतं. हे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं असतं. नव्या फळीला इंचभर जाडीमागे साधारण वर्षभर सावलीत वाळवावं लागतं, ते थांबणं इथे नाही.

घेताना घाई करू नकोस. हातोडीने ठोकत जा. टणक आवाज आला तर लाकूड भरीव, भद्द आवाज आला तर आत वाळवीने पोखरलंय. मग जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक घेऊन सगळ्या बाजूंनी फिरव. मोडून आत राहिलेला खिळा डोळ्याला दिसत नाही, लोहचुंबकाला ओढ लागते. असा एक खिळा करवतीचे दात घालवतो. आणि हिशेब स्वतः कर. रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार करून 144 ने भाग. 6 बाय 4 ची नऊ फुटी तुळई म्हणजे 216 भागिले 144, दीड घनफूट. समोरचा दोन सांगत असला तर हसून आकडा दाखव. पैसे दिल्यावर चिठ्ठी लिहून घे, कुणाच्या घराचं लाकूड, किती, कधी घेतलं. बांधावरचा आंबा नाहीतर चिंच घरची असली तरी विनापरवाना तोडायची नाही, दोन्ही 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. ओंडके चिरायचं यंत्रही बसवू नकोस, त्याला वनखात्याचा परवाना लागतो.

हत्यारं थोडी घे, पण चांगली घे. दोन करवती, एक मोठा रंधा आणि एक छोटा, पाव, अर्धा आणि एक इंचाच्या पटाश्या, गुण्या, खतावणी, लाकडी मोगरी, चार-सहा क्लॅम्प. आणि धार लावायचा दुहेरी दगड, एक बाजू खरखरीत, एक मऊ. नवी पटाशी दुकानातून येते तेव्हा तिला धार नसते, नुसता आकार असतो. आधी तिची पाठ दगडावर सपाट घास, टोकाजवळ आरशासारखी चमक येईपर्यंत. मग पंचवीस-तीस अंशांच्या उताराने पुढची बाजू घास. काही वेळाने पाठीकडून बोट हलकं फिरवलंस तर कडेला बारीक खरखर लागेल. ती पूर्ण रुंदीभर लागली की मऊ बाजूवर दोन्हीकडून घासून काढून टाक. आता कडुनिंबाच्या तुकड्याचं कापलेलं टोक, जिथे रेषा उभ्या असतात, तिथे पटाशी दाबून सरकव. पातळ सलग साल निघाली तर धार लागली. चुरा पडला तर परत दगडाकडे जा. हे हातात बसेपर्यंत मशीनचा विचार करू नकोस.

पहिलं मशीन ड्रिल घे. दुसरं, काम वाढलं तर, गार्ड असलेला सर्क्युलर सॉ. टेबलाखाली मार्बल कटर उलटा बांधून फळ्या चिरताना तू खूप ठिकाणी पाहशील. तसलं आपल्याकडे आणायचं नाही, माझी शपथ आहे. मिनिटाला 12,000 च्या आसपास फेरे घेणारं पातं, त्यावर गार्ड नाही, आणि लाकूड मागे उडालं तर बोटं त्याच्या वाटेत. फिरत्या मशीनवर ओढणी नको, बांगड्या नकोत, मोकळे केस नकोत, हातमोजेही नकोत. तोंडाला एन-95 मास्क रोज लाव. लाकडाची धूळ कॅन्सरला कारण ठरते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 सालीच नोंदवलंय.

वायरिंगला चांगला माणूस बोलाव. 16 अँपियरचे पॉइंट, अडीच एमएमची वायर, 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी. बारीक एक्स्टेन्शन वायरवर मोटार चालवलीस तर व्होल्टेज पडतं आणि मोटार जळते. आपल्या मुरमाच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी ओतायला विसरू नकोस.

आता पैशाचं. विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, तिच्या 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 पर्यंतचं व्हाउचर, मग पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाख. घरटी एकालाच लाभ मिळतो, आणि घर म्हणजे नवरा, बायको, लग्न न झालेली मुलं. म्हणून सीएससी केंद्रात नोंदणी तुझ्या नावाने कर. हात तुझे चालणार आहेत, नावही तुझंच लागू दे. प्रशिक्षण घे, व्हाउचर घे. कर्जाचं सहा महिन्यांनी बघू, तोवर काय काम आलं ते वहीत लिहीत जा. एकाच कामासाठी तीनदा दुसऱ्याकडे धावावं लागलं की त्या कामाचं मशीन घ्यायचं.

काम कुठून येईल म्हणतेस, तर तुळजापूर डोळ्यासमोर ठेव. देवीचा पलंग दरवर्षी घोडेगावहून तिथे येतो, तो करणाऱ्या घराण्याचा पिढ्यांचा मान आहे, त्याला कुणी हात लावत नाही. पण नवरात्रात येणाऱ्या माणसाला पाट, चौरंग, छोटा देव्हारा घरी न्यावासा वाटतो. स्वस्त एमडीएफच्या देव्हाऱ्याशी किमतीत झुंजू नकोस, पाणी लागलं की तो फुगतो. जुन्या सागाचा चौरंग, खिळा न मारता कुसू बसवून केलेला, गिऱ्हाइकाच्या हातात दे आणि उलटा करून दाखव. दारांचं काम भर पावसाळ्यात आलं तर फट अगदी थोडी ठेव, उन्हाळ्यात लाकूड आपोआप आकसतं. उन्हाळ्यात केलेल्या दाराला मात्र जरा जास्त जागा सोड.

निम्मी रक्कम आधी घेतल्याशिवाय लाकूड कापू नकोस, भावकीतलं काम असलं तरी. मागायला संकोच वाटला तर माझं नाव सांग, ताईने बजावलंय म्हण. पटाश्या घ्यायला सोलापूरला जाशील तेव्हा आदल्या दिवशी फोन कर, मी येते सोबत.